माथेरानच्या सोप्या वाटेचा अवघड इतिहास

सध्या माथेरानवरून दोन भांडणं जोरात आहेत. एक, लाल मातीच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक टाकायचे की नाही. दुसरं, ई-रिक्षा की घोडे. मुंबई-पुण्याचे लोक म्हणतात, लाल माती जपा, तेच तर माथेरान आहे. गावातले म्हणतात, तुम्ही दोन दिवस येता, आम्ही बारा महिने चालतो. दोन्हीकडे थोडंथोडं खरं आहे. पण या सगळ्या बोलाचालीत एक प्रश्न कुणी विचारत नाही. ही वाट मुळात कुणी केली, कुणासाठी केली, आणि ती सोपी राहावी म्हणून आजवर कुणाची पाठ वाकली? पोस्ट मोठी आहे, पण आपल्या डोंगराची आहे. चहा घेऊन बसा.

आधी वाटेबद्दल, कारण नवखे लोक दर पावसाळ्यात विचारतात.

सह्याद्रीत इतकं सोपं चालणं फार कमी ठिकाणी मिळतं. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची, तिथून अडीच-तीन किलोमीटर चाललं की बाजारपेठ. रस्त्यानं जा किंवा अमन लॉजपासून रुळाच्या कडेनं जा, चढ जवळजवळ नाहीच. बाजारातून दक्षिणेकडे निघालं की दाट झाडीतून अर्ध्या-पाऊण तासात शार्लोट तलाव. तलावाच्या काठाला पिसारनाथाचं देऊळ. तिथून एको पॉइंट, लॉर्ड पॉइंट, लुईझा पॉइंट जवळजवळच आहेत. आजी-आजोबा, लहान मुलं, गुडघेदुखीवाले, सगळे हे फिरू शकतात. जरा दमाचे असाल तर दक्षिण टोकाला वन ट्री हिल, पश्चिमेला सनसेट म्हणजे जुना पॉर्क्युपाइन पॉइंट, आणि पहाटे उठायची तयारी असेल तर उत्तर टोकाला पॅनोरमा पॉइंट. पुर्‍या वाटेवर डोक्यावर जांभूळ, हिरडा, अंजनी, आंब्याची सावली. नशीब असेल तर शेकरू दिसतं. वाहन नाही, भोंगा नाही.

वाट सोपी का, तर त्याचं पहिलं कारण डोंगराच्या घडणीत आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीवर हा माथा पसरट आहे. खाली काळा बेसॉल्ट, वर जांभ्या दगडाची टोपी. ती लाल माती जांभ्याचीच. माथ्यावरून कडे सरळ खाली तुटलेले, त्यामुळे वर येणं अवघड, पण एकदा वर आलात की चालणं सपाट. पॉइंट म्हणजे या माथ्याची बाहेर आलेली टोकं. रस्ते काढणार्‍यांनी झाडीतून, फार चढउतार न घेता, एका टोकाकडून दुसर्‍या टोकाकडे वाटा वळवत नेल्या. घोड्यावर आणि पालखीत बसणार्‍या माणसाला धक्के बसू नयेत, हा त्यातला मोठा विचार होता.

इथून इतिहास सुरू होतो.

पुस्तकांत आणि हॉटेलांच्या माहितीपत्रकांत एकच वाक्य असतं: १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला. मॅलेट चौकच्या बाजूनं वर चढले, हवा आवडली, पुन्हा येऊन घर बांधलं, वाटा साफ करून घेतल्या. हे सगळं खरं आहे. फक्त 'शोध' हा शब्द जरा तपासून घ्यावा लागतो. डोंगराला नाव आधीच होतं: माथ्यावरचं रान, माथेरान. पिसारनाथ इथल्या लोकांचा जुना देव. उतारांवर धनगर, ठाकर आणि कातकरी राहत होते, आणि त्यांना वर यायच्या वाटा ठाऊक होत्या. कलेक्टरसाहेब वर आले तेव्हा डोंगर सरकारी कागदावर आला, एवढंच झालं. त्यानंतर टोकांना नावं पडली: लुईझा, अलेक्झांडर, सीलिया, पॅनोरमा. जुन्या नावांपैकी रामबाग, चौक अशी थोडीच पाटीवर राहिली.

मॅलेटनंतर तीन वर्षांत मुंबईचे गव्हर्नर म्हणून लॉर्ड एल्फिन्स्टन आले. त्यांना जागा पसंत पडली, त्यांनी इथं बंगला बांधला, आणि मग मुंबईच्या साहेबलोकांची व पारशी, बोहरी, गुजराती शेटमंडळींची रीघ लागली. पण खरा बदल केला तो आगगाडीनं. १८५६ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी कल्याणहून पुढे पळसधरी-खोपोलीपर्यंत आली आणि नेरळला स्टेशन झालं. त्याआधी माथेरानचं तोंड दक्षिणेला, चौककडे होतं. आता ते उत्तरेला, नेरळकडे फिरलं. मुंबईतून सकाळी निघालेला माणूस नेरळला उतरून त्याच दिवशी वर पोचू लागला. चौकच्या वाटेची गरज साहेबाला उरली नाही, म्हणून तिच्यावर पैसाही खर्च झाला नाही. ती आजही पायवाटच आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

नेरळहून वर यायचं म्हणजे घाट चढायचा. साहेब घोड्यावर. बाई आणि म्हातारी माणसं पालखीत किंवा खुर्चीवजा डोलीत. ट्रंका, बिछाने, पेटारे, कोंबड्या, भाजी, पीठ, सगळं डोक्यावर. हे डोकं कुणाचं, तर खालच्या वाड्यांतल्या ठाकर-कातकर्‍यांचं आणि घाटमाथ्यावरून कामाला येणार्‍या हमालांचं. माथेरानचा हंगाम म्हणजे त्यांचे रोख पैसे मिळायचे दिवस. हंगाम संपला, पाऊस लागला की पुन्हा नाचणी-वरी आणि सावकार.

आता तलावाकडे येऊ.

माथ्यावर पाऊस भरपूर पडतो, पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. चार महिने धो-धो, आणि मार्च उजाडला की झरे आटतात. थंड हवेचं ठिकाण तर उन्हाळ्यातच भरायचं. म्हणून दरीकडे जाणार्‍या ओढ्याला बांध घालून पाणी अडवलं, तोच शार्लोट तलाव. आपण जिथं भजी खात फोटो काढतो ते मुळात गावाचं पिण्याचं पाणी आहे, आजही आहे. वस्ती वाढली, हॉटेलं वाढली, तसं ते पुरेना, म्हणून खालून उल्हास नदीचं पाणी पंपांनी एवढ्या उंचीवर चढवावं लागतं. विजेचा खर्च बघता माथेरानचं पाणी हे या भागातल्या सगळ्यात महागड्या पाण्यांपैकी एक असणार. तलावात प्लास्टिक टाकणार्‍यानं एवढं तरी आठवावं.

तलाव टिकायचा तर भोवतालची झाडी टिकायला हवी, हे ब्रिटिशांना पक्कं कळत होतं. सावली हवी, हवा थंड हवी, पाणी हवं, म्हणून माथ्यावरची तोड बंद केली आणि जंगल राखलं. आज आपण ज्या सावलीतून चालतो ती या निर्णयाची. त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण त्याच वर्षांत उतारावर काय चाललं होतं तेही बघा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या ठाणे-पालघर-रायगडात, जंगलखात्याचा ताबा वाढत होता. १८७८ च्या वन कायद्यानं तो पक्का झाला. राब तोडणं, गुरं चारणं, दळीची शेती, लाकूडफाटा, यावर एकेक बंधनं आली. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली सरकारला या दोन जिल्ह्यांतल्या जंगलाच्या प्रश्नासाठी खास आयोग नेमावा लागला. ज्या माणसाचं पोट जंगलावर होतं त्याच्यासाठी ते राखीव झालं, आणि ज्याला त्यातून फिरायचं होतं त्याच्यासाठी त्यात वाट झाली. रायगडातल्या दळीच्या जमिनींचा घोळ आजही तहसील कचेरीत पडून आहे, त्याचं मूळ या काळात आहे.

मग आली आपली फुलराणी. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं हे वेड अंगावर घेतलं. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी पुढाकार घेऊन १९०४ ला काम सुरू केलं आणि १९०७ साली नेरळ-माथेरान गाडी धावली. खर्च त्या काळचे सोळा लाख रुपये. रूळ दोन फुटी, लांबी वीस-एकवीस किलोमीटर, वळणांवर वळणं, आणि सगळ्या मार्गावर एकच छोटा बोगदा. एवढ्या तीव्र वळणांवर चालतील अशी खास वाफेची इंजिनं एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या आराखड्यावरून जर्मनीत बनवून घेतली. सरकारी पैसा नसताना एका भारतीय कुटुंबानं डोंगरात रेल्वे बांधली, याचा अभिमान वाटायलाच हवा. कडे फोडणार्‍या, भराव घालणार्‍या मजुरांची नावं मात्र कुठल्याही पाटीवर नाहीत.

रेल्वे आली तरी पाठीवरचं ओझं संपलं नाही. स्टेशनपासून बंगल्यापर्यंत, हॉटेलपासून पॉइंटपर्यंत माणसानं माणसाला ओढायचं काम सुरूच राहिलं. डोली-पालखी गेली, हातरिक्षा आली. पुढे एक जण, मागे एक-दोन जण, मध्ये बसलेलं गिर्‍हाईक. लाल मातीत, पावसात, चिखलात. स्वातंत्र्य मिळालं, घटना आली, मुंबईत लोकल बारा डब्यांची झाली, देश चंद्रावर पोचला, आणि मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत माणूस माणसाला ओढतच राहिला. अगदी परवापर्यंत अशा ९४ हातरिक्षांचे परवाने होते.

याच माथेराननं या व्यवस्थेला प्रश्न विचारणारा एक माणूसही दिला. हे आपल्या मुलांना शाळेत नीट सांगितलं जात नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२. नाभिक समाजातलं गरीब कुटुंब. हंगामात येणार्‍या साहेब-शेटांची सेवा करून जगणार्‍या वस्तीतला मुलगा. शिकला, वकील झाला, आणि मुंबईत वकिली करून पैसा करायचं सोडून परत डोंगरात आला. माथेरान नगरपालिकेत निवडून येऊन उपाध्यक्ष झाला. पण त्याचं लक्ष वरच्या बंगल्यांपेक्षा खालच्या वाड्यांकडे होतं. कर्जत भागातल्या शेतकरी-आदिवासींची सावकारी पाशातून सुटका व्हावी म्हणून धान्याच्या पेढ्या, मुलांसाठी शाळा, ही त्याची सुरुवातीची कामं. सगळे त्याला भाई म्हणायला लागले.

१९४२ चं आंदोलन पेटलं तेव्हा भाई भूमिगत झाला. 'आझाद दस्ता' उभा केला. कर्जत-मुरबाडच्या रानात लपून या दस्त्यानं मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. बंदुका-दारूगोळ्यापेक्षा हातकरवती जास्त कामाला आल्या. ते शक्य झालं कारण रानवाटा ठाऊक असलेली, निरोप पोचवणारी, भाकरी देणारी माणसं वाड्यावाड्यांत होती. सरकारनं बक्षीस लावलं, माग काढला, आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाई तेव्हा तिशीचा होता. दर वर्षी या दिवशी सिद्धगडला माणसं जमतात. जमलं तर एकदा जा.

भाईची गोष्ट वाटांच्या इतिहासात का, असं कुणी विचारेल. कारण माथेरानला दोन प्रकारच्या वाटा होत्या. एक पॉइंटकडे जाणारी, झाडून-पुसून ठेवलेली. दुसरी वाड्यांकडे उतरणारी, कुणीच न बांधलेली. भाई या दुसर्‍या वाटेवर चालणारा माणूस होता.

आता आजच्या भांडणाकडे येऊ.

माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी ही जुनी रीत. पुढे ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्र सरकारनं माथेरान आणि परिसराचा सुमारे २१४ चौरस किलोमीटर भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि या बंदीला कायद्याचं बळ मिळालं. हे झालं नसतं तर काय झालं असतं, ते बघायला लांब जायला नको. लोणावळा-खंडाळ्याला एखाद्या रविवारी जाऊन बघा. म्हणून २००३ ची अधिसूचना ही माझ्या मते माथेरानच्या बाबतीत गेल्या पन्नास वर्षांतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

पण बंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. २०११ च्या जनगणनेत गावाची वस्ती साडेचार हजारांच्या आसपास होती. सिलिंडर, दूध, सिमेंट, औषधं, जे येतं ते दस्तुरीला उतरतं आणि तिथून घोड्यावर किंवा हातगाडीवर, म्हणून सगळं महाग. शाळकरी पोरं दप्तर घेऊन रोज तीन-तीन किलोमीटर पायी. बाळंतीण असो की छातीत कळ आलेला म्हातारा, आधी रुग्णवाहिका मिळायला हवी. मिनी ट्रेनवर भरवसा ठेवावा तर २००५ च्या जुलैतल्या पावसानं रूळ वाहून गेले आणि गाडी २००७ पर्यंत बंद. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच, आणि नेरळपासूनची पूर्ण सेवा यायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. 'निसर्गरम्य शांतता' या शब्दाचा हिशोब इथं राहणार्‍याच्या खिशातून जातो.

म्हणून ई-रिक्षाची मागणी झाली. ती हौसेनं झालेली नाही. हातरिक्षा ओढणार्‍यांनीच ती लावून धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२२ साली प्रायोगिक तत्त्वावर परवानगी मिळाली, डिसेंबरपासून मोजक्या ई-रिक्षा धावल्या, आणि शाळकरी मुलं व वृद्धांना पहिल्यांदा सुख मिळालं. मग घोडेवाल्यांचा विरोध, स्थगिती, समित्या, पाहण्या. शेवटी ६ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं स्पष्ट सांगितलं की माणसानं माणसाला ओढणं ही अमानुष प्रथा आहे, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा. सरकारनं ई-रिक्षा विकत घेऊन हातरिक्षा ओढणार्‍यांनाच भाड्यानं द्याव्यात, असंही सांगितलं. पंजाबातल्या सायकलरिक्षावाल्यांच्या बाजूनं याच न्यायालयानं १९८० मध्ये निकाल दिला होता. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली, तरी आपल्याकडे ही प्रथा चालू कशी, हा न्यायालयाचा प्रश्न होता. उत्तर आपल्यापैकी कुणाकडेच नाही. आपण सगळे तिथं जाऊन फोटो काढून आलो.

त्याच आदेशात पेव्हर ब्लॉकचंही आहे, आणि ते फार कमी लोकांनी नीट वाचलंय. दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक चालतील. आतल्या रस्त्यांवर आणि फिरण्याच्या पायवाटांवर ब्लॉक टाकायचे नाहीत. म्हणजे गावाला एक पक्का कणा, आणि जंगलात माती. मला हे शहाणपणाचं वाटतं. मुख्य रस्त्यावर पावसात लाल माती वाहून जाते, चर पडतात, घोड्यांची लीद त्यात मिसळून धूळ होते आणि ती रहिवाशांच्या छातीत जाते. तिथं मातीचा हट्ट धरणं म्हणजे दुसर्‍याच्या दम्यावर आपली हौस भागवणं. पण शार्लोटकडची, लुईझाकडची, वन ट्री हिलकडची वाट ही मातीचीच हवी. ती पाणी जिरवते, झाडांची मुळं मोकळी ठेवते, आणि तलाव भरतो तो या जमिनीतून उतरणार्‍या पाण्यावर. तिथं एकदा ब्लॉक गेले की मागून ई-रिक्षा जाईल, तिच्यामागून 'फक्त हॉटेलची' गाडी जाईल, आणि मग कुणालाच थांबवता येणार नाही. त्यामुळे आदेशातला दुसरा अर्धा भाग पाळला जातोय का, यावर आपण स्थानिकांनीच डोळा ठेवायला हवा.

घोडेवाल्यांबद्दलही दोन शब्द. चारशेहून जास्त घोडे आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली घरं, हा आकडा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्यांची भीती खोटी नाही. पण त्यांच्या पोटासाठी हातरिक्षावाल्यानं ओढत राहावं, हा युक्तिवाद कुणाच्याच तोंडी शोभत नाही. घोड्याला पॉइंटची आणि जंगलातल्या रपेटीची वाट, ई-रिक्षाला दस्तुरी ते गाव. ही वाटणी बसून ठरवता येण्यासारखी आहे.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा. यासाठी वन ट्री हिलच्या बाजूला, दक्षिण टोकाला उभं राहावं लागतं.

स्वच्छ हवेत तिथून खाली मोठा जलाशय चमकताना दिसतो. ते मोरबे धरण. नवी मुंबई त्याचं पाणी पिते. स्वतःच्या मालकीचं धरण असलेली महापालिका म्हणून नवी मुंबईचं कौतुक होतं ते याच पाण्यावर. त्या जलाशयाच्या वर एक टोकदार सुळका दिसतो, तो इरशाळगड. माथेरानच्याच डोंगररांगेतला भाऊ. त्या गडाच्या पोटाशी ठाकरांची एक वाडी होती, इरशाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली आणि वाडी गाडली गेली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले, चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. बचावाची माणसं रात्री पावसात पायी चढून गेली, कारण वाडीला रस्ताच नव्हता. जेसीबी नेता येईना. हातांनी, फावड्यांनी माती उपसावी लागली.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता आठवा. १८५६ ला नेरळकडे तोंड फिरलं आणि चौककडची बाजू पायवाटच राहिली. वार्‍यासाठी येणार्‍या माणसाला वर नेण्याकरता आपण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी घाट बांधला, रेल्वे बांधली, तलाव बांधला. त्याच रांगेत, त्याच पावसात, समोरच्या डोंगरावर कायमचे राहणार्‍या माणसांना २०२३ सालीही चालत खाली यावं लागत होतं, आणि मदतीला येणार्‍यांना चालत वर जावं लागलं.

हे एकट्या इरशाळवाडीचं दुखणं नाही. माथेरानच्या नेरळ-भिवपुरी बाजूच्या उतारावर बेकरेवाडी, आसलवाडी, सागाचीवाडी अशा कितीतरी आदिवासी वाड्या आहेत. आजारी माणसाला झोळीत घालून आणणं तिथं नवं नाही. रस्ता मागितला की वनखात्याची परवानगी, संवेदनशील क्षेत्र, निधी, अशी कारणांची माळ पुढे येते. ज्या बाया उन्हाळ्यात पहाटे कडा चढून जांभळं-करवंदं घेऊन माथेरानच्या बाजारात बसतात, त्या याच वाड्यांतल्या. आपण दहा रुपयांवरून घासाघीस करतो तेव्हा त्या दोन तास चढून आलेल्या असतात.

कुणी म्हणेल, मग काय, सगळीकडे डांबर ओता? नाही. बंदीच्या बाजूनं मी वर लिहिलंच आहे. पण पर्यावरणाचा नियम हॉटेलच्या वाढीव मजल्यापुढे वाकतो आणि वाडीच्या रुग्णवाहिकेपुढे ताठ उभा राहतो, ही चाल तरी थांबली पाहिजे. कुठल्या उतारावर दरडीचा धोका आहे, कुठली वाडी हलवायला हवी, कुठल्या वाडीला खडीचा साधा रस्ता पुरेल, हे तज्ज्ञांनी वाडीत बसून, वाडीच्या माणसांना विचारून ठरवायला हवं. इरशाळवाडीनंतर तशी आश्वासनं खूप मिळाली. आपल्या भागातले जिल्हा परिषदेचे, विधानसभेचे उमेदवार मतं मागायला येतात तेव्हा पेव्हर ब्लॉकबरोबर हेही विचारा.

आणि फिरायला येणार्‍यांनो, जरूर या. माथेरान चालण्यासाठीच आहे. दस्तुरीपासून पायी या, पाय धड असतील तर कुणाला ओढायला लावू नका. ई-रिक्षा मिळाली तर आधी म्हातार्‍या माणसाला आणि शाळेच्या पोरांना जागा द्या. पाण्याची बाटली परत खाली न्या. वाटाड्या घेतलात तर खालच्या वाडीतला घ्या, आणि त्याला या टोकांची जुनी नावं विचारा. भाई कोतवालांच्या स्मारकापाशी दोन मिनिटं थांबा. जांभळं घेताना घासाघीस करू नका.

चौककडून, रामबागच्या वाटेनं किंवा धोदाणीकडून सनसेट पॉइंटला कधी चढून आला असाल तर अनुभव खाली लिहा. आणि वाड्यांतल्या कुणापर्यंत ही पोस्ट पोचली, तर तुमच्या रस्त्याची फाईल सध्या कुठल्या टेबलावर आहे तेही सांगा. पुढची पोस्ट त्यावर लिहू.